पिंजऱ्याचा मान

तितराची शिकार म्हटलं की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर संस्थानिक येतात. खाकी हॅट, जीप, मागे नोकरांची रांग. मला मात्र परळच्या आमच्या चाळीतला एक कुजका खांब आठवतो आणि त्याची वाळवी डब्यात खरवडून घेणारा माझा नवरा. असली वेडं राजेरजवाड्यांना शोभतात म्हणतात. ती मिलमध्ये राबणाऱ्या माणसालाही जडतात, आणि मग त्याच्या बायकोला ती निस्तरावी लागतात.

मी तेव्हा भोईवाड्यात म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते. पहाटे उठून नळावर नंबर लावायचा, दोन डबे करायचे, मग चौथीच्या पोरांपुढे घसा कोरडा करायचा. दुपारी घरी आले की पायांचे ओंडके झालेले असायचे. दमण्याची इतकी सवय झाली होती, की कुणी कशा आहात विचारलं तर 'बरी आहे'च्या आधी 'दमलेय' तोंडातून निघायचं. हे मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे कापड विणतात त्या खात्यात. तिथे शेकडो साचे एकदम खडखडत असतात. माणूस माणसाशी बोलत नाही, नुसते ओठ हलवतो आणि समोरचा ते वाचतो. एवढ्या वर्षांत यांचे कान निम्मे गेले होते. घरात हाका मारून माझा गळा बसायचा. पण यांचं तोंड माझ्याकडे असलं, तर मी मनाशी पुटपुटलेलंही यांना बरोबर कळायचं. त्यामुळे तोंडातल्या तोंडात चरफडायची सोय मला नव्हती.

यांचं गाव माणदेशात. मी जन्मले परळला, वाढले परळला. गाव मला जत्रेपुरतं माहीत. यांना मात्र ते सोडून दुसरं काही दिसत नसे. जेवताना भाकरी जाड झाली तरी, 'गावाकडं असली नसती' आणि पातळ झाली तरी तेच.

त्या गावात तितराची शिकार ही बंदुकीची गोष्ट नव्हे, आधी ती पिंजऱ्याची. लहानपणापासून माणसाळवलेला नर तितर वेताच्या पिंजऱ्यात घालून उजाडायच्या आधी बाजरी काढलेल्या रानात ठेवतात. तो बोलायला लागला, की त्या रानातला नर, आपल्या हद्दीत हा कोण उपटला म्हणून तरातरा भांडायला येतो. बांधाआड दबा धरलेला माणूस बार टाकतो. भांडायला आलेला रश्शात जातो. मला ही शुद्ध लबाडी वाटायची आणि मी तसं म्हणायचेही. हे म्हणायचे, "लबाडी म्हण, पर त्याला वर्षभर पोटच्या पोरागत पक्षी सांभाळावा लागतो."

गावदेवाच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावाची पहिली शिकार. त्या शिकारीत पहिला पिंजरा मांडायचा मान यांच्या घराण्याचा. माझे सासरे होते तोवर तो त्यांनी चालवला. ते गेले तेव्हा हे एकुलते एक, आणि मुंबईत. चुलत दिराने भर बैठकीत विषय काढला की साच्यावर राबणाऱ्याला पक्षी काय कळणार, मान गावात राहणाऱ्याकडे असावा. यांचं तोंड पांढरं पडलं. शेवटी चुलत सासऱ्यांनी निवाडा केला. म्हातारा खत्रूड होता, पण कुणावर अन्याय करायचा नाही.

"म्होरल्या जत्रंला तुझा पक्षी आण. तू सोता वाढवल्याला. रानात बोलला, तर मान तुझा. न्हाई बोलला, तर माझ्या पोराचा. मग त्यो इषय पुन्ना काढायचा न्हाई."

आम्ही परत निघालो तेव्हा यांच्या पिशवीत जोंधळ्याचं पीठ होतं, शेंगा होत्या आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तितराचं मुठीएवढं पिलू होतं.

मी यांना एकदा विचारलं होतं, की एवढं काय आहे त्या मानात. जमीन म्हणाल तर कुसळं उगवणारा तुकडा, घर म्हणाल तर एक खोली, तीही गळकी. यांनी आधी खोक्यात दाणे टाकले. मग म्हणाले, "त्यो गेला तर गावात जायाचं कोण म्हणून?" मी कुठे कधी कोण म्हणून गेले होते? शाळेत बाई म्हणून जायची आणि नळावर बारा नंबरची म्हणून.

पिलू वाढवणं म्हणजे वाळवी शोधणं. तितराच्या पिलाला वाळवी लागते; नुसत्या दाण्यावर ते जगत नाही. आता गिरणगावात वाळवी कुठून आणायची? हे सुटीच्या दिवशी डबा आणि खुरपं घेऊन बाहेर पडायचे. डिलाईल रोडवरच्या चाळींचे जिने, भायखळ्याच्या भाजीबाजारामागे पडलेली फळकुटं, एका बंद वखारीचं दार, सगळीकडे यांची नजर. लोकांना आधी वाटलं माणूस कामातून गेला. मग सवय झाली. आमच्या शेजारीणबाई मालवणकडच्या. त्या एकदा गॅलरीतून ओरडल्या, "गो बाय, तुझ्या घोवाक सांग, आमच्या खांबाकव वाळवी लागली हा. घेवन जा म्हण. मालक काय करूचो नाय, तुझो पक्षी तरी चाळ वाचवीत." सगळी चाळ हसली. हे डबा घेऊन खरंच गेले.

पिलाचा पक्षी झाला. गॅलरीत आमच्या दारासमोर पिंजरा टांगला. पाळी नसेल तेव्हा हे तो घेऊन मैदानात जायचे, दार उघडायचे, आणि तितर यांच्या मागे मागे तुरुतुरु पळायचा. पोरं टाळ्या पिटायची. पिंजरा धुणं मात्र माझ्याकडे. कधी ठरलं कोण जाणे. घरातली असली कामं ठरत नाहीत, आपल्या हाताला येऊन चिकटतात.

आणि एका पहाटे तो बोलला. मिलचा भोंगा नुकताच झाला होता, खाली नळावर रोजची तंटेबाजी सुरू झाली होती, तेवढ्यात डोक्यावरून 'क-तीतर, क-तीतर' असा खणखणीत आवाज आला. भांडणाऱ्या बायका वर बघायला लागल्या. हे आंघोळीला बसले होते ते तसेच ओल्या अंगाने गॅलरीत आले. यांना तो ऐकू आला होता. दाराची कडी वाजलेली ज्यांना ऐकू येत नसे, त्यांना तो ऐकू आला होता. त्या दिवशी मी पिंजरा न कुरकुरता धुतला.

मग रोजच तो पहाटे बोलायला लागला. संध्याकाळी गॅलरीत चार माणसं जमायची आणि हे त्यांना शिकार सांगायचे. शाळेच्या वह्या तपासता तपासता मी ते इतक्यांदा ऐकलं की मलाच पाठ झालं. दवाने धसकटं ओली असतात. कुणी खोकत नाही, विडी ओढत नाही. अंधारात कुठून तरी आवाज येतो. तो बांधाच्या अलीकडून की पलीकडून, एक की दोन, येतोय की लांब जातोय, सगळं कानाने ओळखायचं. "खात्यात डोळा पायजे आन हात पायजे," हे म्हणायचे, "कानाला तितं काय कामच न्हाई. रानात सगळं कानावर हाय." निम्म्या कानांचा माणूस हे सांगतोय हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात यायचं नाही. माझ्या यायचं आणि मला कसंसंच व्हायचं.

त्या हिवाळ्यात संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटलं. मिल बंद, शाळा बंद, मोर्चे, मग गोळीबार, मग संचारबंदी. हेही मोर्चात जायचे. 'मुंबई आमची' ओरडून ओरडून आवाज बसायचा. शेजारच्या चाळीतला एक जण दूध आणायला म्हणून खाली उतरला तो परत आलाच नाही. त्याची आई दारात बसून राहायची आणि कुणीही जिना चढलं की मान वर करायची. मी तिच्यासाठी भाकरी घेऊन जायचे आणि तशीच परत आणायचे. त्या दिवसांचा थकवा वेगळाच होता. कामच नव्हतं आणि तरी अंगातून जीव निघून गेल्यासारखं वाटायचं.

त्या दिवसांत तितर बोलला नाही. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही. यांनी लसूण ठेचून दिली, गुळाचं पाणी पाजलं, पिंजऱ्यावर माझी जुनी चादर टाकली. चाळीत मात्र दुसरंच पसरलं. कुणीतरी म्हणालं, "अरे, पक्षीपण बंद पाळतोय!" झालं. लोक मुद्दाम बघायला यायला लागले. पिंजऱ्याला कुणी झेंडूची माळ घातली. एका पोराने खालून घोषणा दिली आणि वरून सगळी गॅलरी ओरडली. किती दिवसांनी त्या चाळीत कुणी हसत होतं, म्हणून मीही माळ काढली नाही. मिल सुरू झाल्या त्या पहाटे पक्षी पुन्हा बोलला. हे म्हणाले, "लसणीनं गुण आला." चाळ म्हणाली, बंद मागे घेतला. दोन्ही गोष्टी आम्हाला पटण्यासारख्या होत्या.

माघात जत्रेला निघालो. एस.टी.त यांनी पिंजरा मांडीवर घेतला होता, वर माझ्या लुगड्याचा तुकडा. वाटेत मी दोनदा झोपले, हे जागे. घाट चढताना यांनी मला ढोसून उठवलं आणि विचारलं, "बोलंल न्हवं?" मी म्हटलं, "रोज बोलतो, तिथे का नाही बोलणार?" मला खरंच तसं वाटत होतं.

मानाच्या घरातल्या बाईने पिंजऱ्याला हळदकुंकू लावायचं, मग पुरुषाने तो रानात मांडायचा अशी रीत. म्हणून मलाही त्या पहाटे माळावर जावं लागलं. थंडी हाडात शिरत होती. मी कुंकू लावलं, यांनी पिंजरा नेऊन धसकटात ठेवला आणि सगळे बांधाआड बसलो. चुलत सासरे, बंदूक घेतलेला दीर, गावची दहा-बारा माणसं, ताट हातात धरून मी. हे पुढे, पिंजऱ्यापासून थोड्या अंतरावर, एका बोराटीमागे. सारखी मान वळवून आमच्याकडे बघत होते.

अंधार विरळ झाला. पक्षी गप्प. पूर्वेला फटफटलं. लांब दुसऱ्या रानात एक तितर बोलला, मग आणखी एक. आमचा दाणे टिपत होता. तांबडं फुटलं, माणसांचे चेहरे दिसायला लागले, आणि यांचा चेहरा दिसला. तसा मी तो पुन्हा पाहिला नाही, सासरे गेले तेव्हाही नव्हता. दिराने आळस दिला. एक म्हातारा गालातल्या गालात हसला. म्हणजे संपलं. वर्षभराची वाळवी, ते मैदान, तो गूळ, सगळं या धसकटात संपणार आणि हा माणूस उरलेलं आयुष्य परळच्या खोलीत भिंतीकडे बघत काढणार, असं मला लख्ख दिसलं. मला रडू येण्याऐवजी रागच आला. झोप झाली नव्हती, पाय बधिर झाले होते. मी त्या मुक्या पक्ष्याकडे बघत चरफडले, "हा कसा बोलेल? याचा भोंगा व्हायचाय ना अजून!"

बोलून गेले आणि माझंच बोलणं माझ्या ध्यानात आलं. पहाट म्हणजे भोंगा. आमची सगळ्यांचीच. आम्ही कुणी आभाळ बघून उठलोय? परळला रात्रभर दिवे, धूर, पाळ्या. उजाडलंय की नाही हे भोंगा सांगतो. त्या पिलाने अंगावर पिसं येण्याच्या आधीपासून तेच ऐकलं होतं. मिल बंद होत्या तेव्हा तो गप्प का होता, तेही आत्ता कळलं.

मी मान वर केली तर हे माझ्याकडे बघत होते. यांनी ओठ वाचले होते.

हे उठून उभे राहिले. सगळ्या गावासमोर, बोराटीच्या बाहेर येऊन. दोन्ही हात तोंडाशी नेले, छाती भरून घेतली आणि मिलचा भोंगा काढला. हुबेहूब. खालून चढत जाणारा, मग ताणून धरलेला, मग हळूहळू विरणारा. त्या माळावर तो आवाज इतका विचित्र वाटला की गावातली कुत्री भुंकायला लागली.

आणि भोंगा विरायच्या आत पिंजऱ्यातून पक्षी बोलला. क-तीतर, क-तीतर, क-तीतर. थांबेचना.

पण त्याच वेळी आसपासच्या झुडपांतून होते नव्हते तेवढे सगळे तितर फर्रकन उडाले. दिराने घाईघाईत वर बार टाकला. तो आवाज झाला तशी मी ताट टाकून बांधाला चिकटले. मुंबईतले आवाज अजून अंगातून गेले नव्हते. एकही पक्षी पडला नाही. आणि मग गाव जे हसायला लागलं. माणसं पोट धरून बांधावर लोळली. चुलत सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आरं, ह्येनं तर मिलच चालू केली की रं!"

हे मात्र हसत नव्हते. पिंजऱ्यापाशी जाऊन उभे होते आणि म्हाताऱ्याकडे बघत होते. म्हाताऱ्याने पटक्याच्या शेवाने डोळे पुसले आणि सगळ्यांना हाताने गप्प केलं. "पक्षी रानात बोलला का न्हाई? बोलला. मग मान ह्येचा. शबुद म्हंजी शबुद." दिराची बापापुढे बोलायची टाप नव्हती आणि त्याचाही राग हसण्यात वाहून गेला होता. यांनी वाकून म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला. माझ्याकडे वळले तेव्हा तोंडावर असा उजेड होता, की वाटलं, वर्षभर पिंजरा धुतला त्याचं सार्थक झालं.

मग दिराचा पक्षी पलीकडच्या रानात नेऊन ठेवला. तो बोलला आणि नऊ वाजेपर्यंत पाटीभर तितर झाले.

दुपारी आमच्याच घराच्या अंगणात चूल मांडली. शिकारीचं कालवण पुरुषांनी करायचं. पहिल्या शिकारीचं असेल तर मानाच्या माणसाने पळी हातात घ्यायची, गावाला वाढायचं, सगळ्यांचं झाल्यावर तळाला राहिलेलं आपण खायचं. सासऱ्यांच्या वाट्याला बहुतेक माना आणि पाय यायचे आणि ते म्हणायचे, मान म्हणजे हाडकं चघळणं. इकडे भाकऱ्या झाल्या, माणसं ओळीने बसली, आणि यांनी बाह्या सारल्या. पातेल्यापाशी गेले.

"आण इकडं पळी," दिराला म्हणाले.

दीर वाढायला लागलाही होता. त्याने पळी सोडली नाही, पण हिसकावलीही नाही. चुलत सासरे उठले. यांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने, यांना ओळीच्या सुरुवातीला घेऊन आले. घोंगडी चौपदरी घालून बसवलं. "ऱ्हाऊ दे गड्या. तू दमून आलायस. बस, खा निवांत." आणि दिराला ओरडले, "आधी मुंबईकडं वाढ रं. चांगल्या फोडी बघून घाल."

पहिलं ताट यांच्यापुढे आलं. छातीच्या फोडी, वर तर्री, दोन भाकऱ्या, फोडलेला कांदा. मी घराच्या उंबऱ्यात उभी होते. यांनी ताटाकडे पाहिलं, मग ओळीकडे पाहिलं. सगळे यांच्या पहिल्या घासाची वाट बघत होते. कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. मान दिला होता, तो कुणी परत घेतला नव्हता. पुढेही दर वर्षी यांच्याच हाताने पिंजरा मांडला जाणार होता, नारळ फुटणार होता. कुणी मुद्दाम केलं असतं तर मी भांडले असते. भांडायला काही जागाच नव्हती. मला वाईट वाटलं ते त्याचंच.

यांनी घास घेतला. सगळ्यांनी घेतला. हे सावकाश जेवले, आग्रह झाला तशी आणखी अर्धी भाकरी घेतली, नको नको म्हणत रस्साही घेतला. हात धुवायला उठले ते चुलत जाऊबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या तिथे गेले. ती दारं, तो हौद, ती चूल यांच्या बापाची. यांनी हात धुतले, तोंड पुसलं आणि त्यांना म्हणाले, "वयनी, भाकऱ्या लई झ्याक झाल्या बगा. लई तरास दिला तुमाला."

जाऊबाई लाजल्या. "असूं द्या की. रोज रोज का येताय तुमी," म्हणाल्या आणि यांच्या हातावर सुपारी ठेवली.